सातवी नळी

उस्ताद,

त्या सातव्या नळीबद्दल लिहायला बसलो आहे. तुम्ही गेलात तेव्हा साठीलाही टेकला नव्हतात. मी आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे, म्हणजे वयानं पाहिलं तर मीच तुमच्याहून थोरला. पण 'उस्ताद' एवढा शब्द कागदावर उतरला आणि मी खुर्चीत सावरून बसलो, आधी पायांकडे पाहिलं. चप्पल होती. चप्पल घालून बॉयलरवर आलेला माणूस तुम्हाला खपत नसे. काढून ठेवली आणि मग पुढं लिहायला लागलो.

लातुरात आमच्या घरासमोर एकानं ग्रिल-गेट करायचं दुकान टाकलंय. सकाळी नऊला त्याचं ग्राइंडर सुरू होतं आणि ठिणग्या थेट रस्त्यावर येतात. बायको असती तर तिनं खिडकी लावून घेतली असती. मी उघडी ठेवतो. माझ्या टेबलावर तुम्ही दिलेलं लोखंडी कडं असतं, नळीतून कापलेलं, दोन बोटं रुंद, आणि त्याच्याखाली माझे जुने कागद. समोर ठिणग्या, इथं कडं, मधे फक्त एक रस्ता. तो रस्ता ओलांडायला मला चाळीस वर्षं लागली असं म्हटलं तर तुम्ही म्हणाल, कवी, सरळ बोल. सरळ बोलतो. ती नळी चुकीची होती की बरोबर, एवढंच मला माहीत नव्हतं. बरोबर असेल तर ती फुटली पाण्यानं, दुष्काळानं, आणि त्यात कुणाचंच काही चुकलं नाही. चुकीची असेल तर ती मी बसवायला सांगितली, आणि बॉयलर चालवायचं तुमचं सर्टिफिकेट, तुमचा उजवा हात, नांदेडच्या त्या फाटकावर उभं राहून काढलेली तुमची शेवटची वर्षं, हे सगळं माझ्या एका शब्दानं गेलं. अर्ध्या मिनिटात कळण्यासारखी गोष्ट होती. मी ती कळू दिली नाही.

तुम्ही नांदेडच्या कापडगिरणीच्या बॉयलरवरून आमच्या साखर कारखान्यात आलात. गिरणीचं काम मंदावलं होतं आणि इकडे माळरानावर नवी चिमणी उभी राहिली होती. मी तुमच्या हाताखाली आलो तेव्हा अठ्ठावीसचा होतो, लग्न झालेला. मला मास्तर व्हायचं होतं. ते जमलं नाही, पण शाळेतल्या कविता काही डोक्यातून गेल्या नव्हत्या. चौथीपासून मॅट्रिकपर्यंतच्या सगळ्या पाठ. गेजकडे बघत असलो तरी ओठ हलत. दुसऱ्याच दिवशी तुम्ही मागं येऊन उभे राहिलात.

"काय पुटपुटून राहिला रे?"

"कविता, उस्ताद. शाळेतली."

"मग मोठ्यानं म्हण की. बॉयलर बहिरा हाय, मी न्हाई."

म्हटली. तुम्ही शेवटपर्यंत ऐकली आणि जाताना म्हणालात, "कवी, तुझं पाणी खाली चाललंय बघ." गेजच्या काचेत पाण्याची पातळी खरोखर खाली आली होती. त्या दिवसापासून अख्ख्या बॉयलर हाऊसमध्ये मला माझ्या नावानं कुणी हाक मारली नाही.

लोखंड का फुटतं हे मला कुठल्याही पुस्तकानं शिकवलं नाही. ते तुमच्या क्वार्टरच्या मागच्या पडवीत, मावशींच्या चुलीपाशी कळलं. रविवार आहे. मावशी भाकरी थापतायत. चुलीवर दोन लोखंडी सळया आडव्या टाकलेल्या, त्यांच्यावर चहाचं पातेलं. तुम्ही चिमट्यानं पातेलं उचलता आणि मला सळया दाखवता. दोन्ही मधोमध खाली वाकलेल्या, दोरीला झोळ पडावा तशा.

"हिला कोणी वाकवलं?"

"जुनी झाली असेल, उस्ताद."

"जुनी तर दाराची कडी बी हाय. ती वाकली का? हिच्यावर रोज पातेलं बसतं आन् खालून रोज जाळ लागतो. एका दिवसाचं वजन हिला काईच न्हाई. एका दिवसाचा जाळ बी काई न्हाई. पण दोन्ही संगं, आन् रोज. लोखंड वितळत न्हाई, कवी. सरकतं. केसाच्या केसाएवढं. डोळ्याला दिसतं तवा लई उशीर झालेला असतो."

मग तुम्ही पातेलं माझ्यापुढं तिरकं केलंत. आत तळाला बोअरच्या पाण्याची पांढरी खपली धरलेली. "ह्याच्यात चहाला उशीर का होतो? जाळ पाण्यापर्यंत पोचतच न्हाई, खपली आडवी येते. मग त्यो जाळ जातो कुठं? पातेलंच खातं. पाणी थंड आन् पातेलं लाल."

"झाली का तुमची शाळा?" मावशी म्हणाल्या. "माझ्या चुलीवर वर्ग भरवायचा असंल तर भाकरी बी मास्तरांनीच थापाव्या." तुम्ही निमूटपणे पातेलं जागेवर ठेवलंत. अख्खा कारखाना तुम्हाला वचकून असे आणि तुम्ही तेवढ्या एका चुलीला.

बॉयलरात पाण्याची वाफ होते आणि ती वाफ परत एकदा वेटोळ्या नळ्यांतून फिरवून कडक तापवायची, त्याला सुपरहीटर म्हणायचे. सगळ्यात शेवटचं वेटोळं सगळ्यात जास्त ताप सोसायचं. तिथं साधं लोखंड चालत नसे. तिथल्या नळ्या अलॉयच्या. लोखंडात क्रोमियम, मॉलिब्डेनम असे धातू चिमूट-चिमूट मिसळलेले, आणि तेवढ्या चिमटीनं लोखंड तापात जागचं हलायला नाखूष होतं. पण वरून पाहिलं तर साधी नळी आणि अलॉयची नळी जुळ्या बहिणी. रंग तोच, वजन तेच, वाजवली तर आवाजही तोच. ओळखायची एकच रीत तुम्ही गिरणीतून बरोबर घेऊन आला होतात. नळीचं टोक ग्राइंडरच्या दगडाला टेकवायचं आणि ठिणगी बघायची. साध्या लोखंडाची ठिणगी लांब जाते आणि जाता जाता फुटते, तिला फाटे फुटतात, त्या फाट्यांना आणखी फाटे, शेवंतीचं फूल उमलावं तशी. अलॉयची ठिणगी तांबूस, आखूड, सरळ. ती फारशी फुटत नाही, टोकाशी भाल्याच्या पात्यासारखा एक सुटा कण दिसतो आणि संपते. मला अर्थातच पहिली आवडली. तुम्ही माझ्या चेहऱ्यावरून ते ओळखलंत.

"साधं लोखंड लई फुलतं, कवी. बघायला झकास. ज्याला ताप सोसायचा हाय ते असं फुलत न्हाई."

तेव्हा मला वाटलं, तुम्ही लोखंडाबद्दल बोलताय.

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी कारखान्यावर कोण आनंद. कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंगसुद्धा वाळला नव्हता. हंगामाच्या सुरुवातीला बॉयलरचं अग्निप्रदीपन असतं. चेअरमन सपत्नीक पूजेला बसतात आणि मग भट्टीत पहिला जाळ पडतो. त्या वर्षी नव्या जिल्ह्याचे मोठे साहेब येणार म्हणून आवार सजवायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडं आलं, कारण मी कवी. मी पताका लावल्या, चुन्याचे पट्टे ओढले, फळ्यावर स्वागताच्या चार ओळी जुळवून लिहिल्या. आणि यार्डात रचून ठेवलेल्या सुट्या नळ्या गंजक्या दिसतात म्हणून त्यांनाही चंदेरी रंग देऊन घेतला, टोकापासून टोकापर्यंत. अलॉयच्या नळ्यांच्या टोकाला पिवळा पट्टा असायचा, तीच त्यांची खूण. तो त्या चंदेरीखाली गेला. मला माहीत होतं पट्टा कशासाठी आहे. पण हात फिरत होता, नळ्या उन्हात चमकत होत्या, आणि मला त्यात एक कविताच दिसत होती.

पूजा चालली असताना तुम्ही नेहमीसारखे मागं, खांबाला टेकून. छप्पन साली बौद्ध झालेलं घर तुमचं. तुम्ही त्या पाटावर कधी बसला नाहीत आणि कुणी तुम्हाला बसा म्हटलंही नाही. मी एकदा विचारलं होतं तर म्हणालात, "पेटवायला मी हाय. हात जोडायला लई जण हायत." त्या दिवशी पूजा झाल्यावर तुम्ही यार्डात आलात, नळ्यांपुढं उभे राहिलात.

"छान दिसून राहिल्या. आता सांग, ह्यातली कोणती कोण?"

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. "ठीक हाय. डोळ्याचं काम संपलं. आता ठिणगी बघितल्याबिगर एक बी नळी आत जाणार न्हाई. आन् ह्याचा जिम्मा तुझा."

त्यानंतर पावसानं पाठ फिरवली. ऊस उभ्या उभ्या वाळला, गाळप लवकर आटोपलं, आणि एप्रिलमध्येच आम्ही बॉयलर उघडला. शेवटच्या वेटोळ्यातल्या सात नळ्या बदलायच्या निघाल्या. तुम्ही दर वर्षी जयंतीला नांदेडला जायचात, पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून पिशवीत वेगळा ठेवलेला. निघताना मला म्हणालात, "सात नळ्या. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नको. तू सोता ठिणगी बघ. मी परवा येतो."

सहा पाहिल्या, उस्ताद. हे खरं आहे. एकेक नळी मी दगडाला लावली, एकेक ठिणगी सरळ गेली, टोकाला तो कण. सहावी ठेवली आणि लाईट गेली. बाहेरगावाहून आलेला वेल्डर त्याचं जनरेटर घेऊन तयार बसला होता. त्याला दुसऱ्या दिवशी उदगीरकडं जायचं होतं.

"ही लावू का, भाऊ? का लाईटची वाट बघत बसू?"

त्या दिवशी संध्याकाळी लातुरात कविसंमेलन होतं. नव्या जिल्ह्याच्या कौतुकाचं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी व्यासपीठावर बोलावलं होतं. तीनची एसटी चुकली तर पुढं गाडी नव्हती. मी सातव्या नळीकडं पाहिलं. त्याच ढिगातली, तशीच चंदेरी, उन्हात तशीच चमकणारी. सहा बरोबर निघाल्या, मग सातवी काय वेगळी निघणार? हे मी मनात म्हटलं की तसं वाटून घेतलं, ते आता सांगता येत नाही. वेल्डरला म्हणालो, "लाव." खिशातला कवितेचा कागद चाचपला आणि रस्त्याकडं पळत सुटलो. कविता वाचली. टाळ्या पडल्या. नारळ मिळाला.

तुम्ही परत आलात तेव्हा हातात अर्धापूरच्या केळ्यांचा घड होता. "घरी ने. सूनबाईला दे," म्हणालात, कारण माझ्या बायकोला तेव्हा दिवस गेलेले होते आणि ते मावशींना माझ्या आईच्याही आधी कळलं होतं. घड माझ्या हातात देता देता विचारलंत.

"ठिणगी पाहिली?"

"हाव, उस्ताद."

"सातीच्या साती?"

"सातीच्या साती."

तुम्ही रजिस्टर ओढलंत आणि माझ्या सहीखाली तुमची सही केलीत. केळी फार गोड होती. मला एकही संपवता आलं नाही.

पुढचा पावसाळाही कोरडा गेला. आता आठवतं तेव्हा तो हंगाम मला नेहमी पिवळा दिसतो, धुळीचा. नदीत डबकी राहिली, मग तीही नाही. बॉयलरला बोअरचं पाणी, टँकरचं पाणी, मिळेल ते पाणी, आणि सगळं क्षारानं जड. बॉयलरच्या तळाचं जड झालेलं पाणी दर पाळीला सोडून द्यायचं असतं, त्याला ब्लोडाऊन म्हणायचे. तसं केलं नाही तर क्षार वाफेबरोबर वर चढतो आणि नळ्यांना आतून खपली धरते. चीफ इंजिनिअर साहेब येऊन तोंडीच सांगून गेले, कॉलनीत प्यायला पाणी नाही आणि तुम्ही गटारात सोडताय, लोक काय म्हणतील? बायका रिकाम्या घागरी घेऊन टाकीपाशी उभ्या असायच्या, त्यात मावशीही. तुम्ही ब्लोडाऊन निम्म्यावर आणलं. व्हॉल्व्ह बंद करताना तुमचा चेहरा पाहिलाय मी. आजारी माणसाचं औषध अर्धं करावं तसा.

चारचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. पाळी बदलत होती. मी जिन्यावर होतो. तो आवाज मला लिहिता येत नाही. एवढंच की त्यानंतर बराच वेळ दुसरा आवाजच नव्हता. वरची नळी फुटून वाफ भट्टीत घुसली आणि भट्टीतला सगळा जाळ तोंडावाटे बाहेर आला. फायरमन दारापुढं वाकलेला होता. तुम्ही त्याला ढकललंत. तो वाचला, त्याच्या भुवया तेवढ्या गेल्या. तुमचा उजवा हात मात्र कोपरापासून खाली त्या जाळात सापडला. मी जिन्यावरून खाली आलो तेव्हा तुम्ही डाव्या हातानं व्हॉल्व्ह फिरवत होतात आणि मलाच ओरडून सांगत होतात, "कवी, बघत काय राहिला, पंखा बंद कर!"

बॉयलर निवल्यावर नळी काढली. मधोमध फुगलेली, अजगरानं काही गिळावं तशी, आणि लांबीत उकललेली, माशानं तोंड उघडावं तशी. आतून पांढरी खपली. पाणी, पाणी, सगळे म्हणाले, दुष्काळाचं पाणी भोवलं. मीही म्हणालो, सगळ्यांत मोठ्यानं. पण तुम्हाला तर दिसलंच असेल, आणि मलाही दिसलं होतं, की शेजारच्या सहाही नळ्यांनी तेच पाणी भोगलं होतं, त्यांच्याही आत तीच खपली होती, आणि त्या सहाही सरळ होत्या. तुम्ही गळ्यात हात बांधून दवाखान्यातून तसेच आलात, त्या नळीच्या धड राहिलेल्या टोकाकडून एक कडं कापून घेतलंत आणि वर्कशॉपकडं गेलात. मी तुमच्या मागं आलो नाही. तुम्ही माझ्या मागं नेहमी यायचात, दोन पावलांवरून, मी काही विसरलो तर उचलायला.

तपासाला सरकारी साहेब आले. ऑफिसात टेबलापलीकडं ते, अलीकडं तुम्ही उभे, मी भिंतीला. विचारलं, ब्लोडाऊन कमी केलं होतं? "हाव, केलं." कुणाच्या सांगण्यावरून? चीफ साहेब खिडकीबाहेर बघत होते. तुम्ही म्हणालात, "बॉयलरवर माझं चालतं." मग त्यांनी रजिस्टर उघडलं. "ह्या सात नळ्या तपासून बसवल्या होत्या?" तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. फार वेळ नाही, गेजकडं बघतात तेवढंच. मी माझ्या बुटांकडं पाहिलं.

"हाव," तुम्ही म्हणालात. "सातीच्या साती."

माझे शब्द तुमच्या तोंडून आले. मला वाटलं, माझ्यावरच्या विश्वासानं बोललात. तुमचं सर्टिफिकेट निलंबित झालं, हलगर्जीपणा असा शेरा पडला. चीफ साहेबांना काही झालं नाही. मला काहीच झालं नाही.

तुम्ही निघालात त्या दिवशी मी लातूरच्या स्टँडवर आलो होतो. दोन ट्रंका, मावशींच्या मांडीवर पितळी घागर, आणि त्या चुलीवरच्या दोन वाकड्या सळया पोत्यात गुंडाळलेल्या, कारण मावशी त्या टाकून यायला तयार नव्हत्या. गाडी लागली तेव्हा तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी डाव्या हातानं पिशवीतून काढलंत आणि माझ्या हातावर ठेवलंत. जड होतं.

"कागदावर ठेवायला. तुझे कागद लई उडतात."

"उस्ताद, मी..."

"बस हाल्ली की रे. उतर खाली."

मी पुढं बॉयलरची फर्स्ट क्लासची परीक्षा पास झालो. तुमच्या जागेवर बसलो, तिथूनच निवृत्त झालो. नवी पोरं मला उस्ताद म्हणायची. पहिल्या हाकेला मी कधी ओ दिली नाही, दुसरीला द्यायचो.

एकदाच नांदेडला आलो, सांगायचं ठरवून. तुम्ही एका जिनिंगच्या फाटकावर खाकी शर्टात उभे होतात. उजव्या हाताची बोटं आखडलेली, म्हणून मालकाच्या गाडीला डाव्या हातानं सलाम करत होतात. टपरीवर चहा घेतला. पैसे तुम्हीच दिलेत. उन्हाबद्दल बोललो, गोदावरीच्या पाण्याबद्दल बोललो, माझ्या मुलीबद्दल बोललो. मग तुम्ही विचारलंत, "कविता करून राहिला का न्हाई?" मी म्हणालो, हाव. तेही खोटंच होतं, उस्ताद. त्या नारळानंतर मी एक ओळ लिहिलेली नाही. ते कडं ज्या कागदांवर ठेवलंय ते सगळे त्याआधीचे आहेत. तुम्ही म्हणालात, "कर. बंद नको करू," आणि रिक्षापर्यंत सोडायला आलात, दोन पावलं मागून. पुढच्या उन्हाळ्यात मावशींनी कुणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं. तुम्हाला जाऊन तेरा दिवस होऊन गेले होते.

कडं मी गावाकडच्या घरी ट्रंकेत टाकून दिलं होतं, डोळ्यांसमोर नको म्हणून. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंपात घर गेलं. आम्ही कॉलनीत होतो म्हणून आहोत. गल्लीतली निम्मी माणसं नाहीत. ढिगारा उपसताना लोक आपापलं काय काय शोधत होते, रडत होते, आणि आमच्या दगडमातीतून पहिलं काय निघालं असेल तर ती चेपलेली ट्रंक आणि तिच्यात ते कडं, जसंच्या तसं. मी ते शोधत नव्हतो. ज्यानं हातात आणून दिलं तो म्हणाला, "काका, हे तुमचंच ना?" तेव्हापासून ते टेबलावर आहे.

आज सकाळी रस्ता ओलांडला. ग्रिलवाल्यानं ग्राइंडर थांबवलं.

"काय आजोबा, हे काय आणलं? गाडीचं बेअरिंग का?"

"नळी आहे जुनी. जरा दगडाला टेकव. ठिणगी बघायचीय."

"ठिणगी? रोज खिडकीतून फुकट बघता की!" त्यानं कडं उलटसुलट केलं, कडेवरून अंगठा फिरवला. "हे तर आधीच कुणीतरी घासलेलं हाय. हे बघा, इथं." ज्वारीच्या दाण्याएवढा सपाट डाग, गंजाच्या मधे.

"त्याच्या शेजारीच घास," मी म्हणालो.

फुललं, उस्ताद. लांब गेलं, फुटलं, फाट्यांना फाटे, शेवंतीच शेवंती, पार रस्त्याच्या मधोमध. शाळेत जाणाऱ्या दोन पोरी थांबून बघायला लागल्या. ग्रिलवाला म्हणाला, "फुलबाजीवानी उडतंय की हो, अजून घासू?" मी म्हणालो, नको. साधं लोखंड होतं. ते तिथं तेवढे दिवस तरी कसं टिकलं याचंच नवल. आणि तुम्ही हे आधीच पाहिलं होतं. गळ्यात एक हात बांधून, दुसऱ्या हातानं कडं धरून, वर्कशॉपात एकट्यानं. ते फूल बघून तुम्ही बाहेर आलात, आणि दोन-चार दिवसांनी त्या टेबलापुढं उभं राहून म्हणालात, सातीच्या साती. का म्हणालात हे विचारायला हे पत्र सुरू केलं होतं. माझ्या बायकोचे दिवस भरत आले होते म्हणून? दोघं जाण्यापेक्षा एक गेलेला बरा म्हणून? की मी आपणहून बोलतो का, हे बघत होतात, आणि मी बुटांकडं पाहिलं?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून आता खोटं ठेवून उपयोग नाही. वर लिहिलंय त्यावरून वाटेल की तो डाग मला आज ग्रिलवाल्यानं दाखवला. तसं नाही. तुमची बस स्टँडच्या फाटकातून वळली तेव्हाच मी वर्तमानपत्र सोडलं होतं. डाग तेव्हा ताजा होता, निळसर झाक होती, दगडावर घासल्याचा, करवतीचा नव्हे हे मला एका नजरेत कळलं. तुम्हाला माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं. अपील करायची मुदत अजून शिल्लक होती. एक अर्ज लिहायचा होता, माझ्या सहीनं, इतकंच. मी कागद परत गुंडाळला आणि कॉलनीची एसटी धरली. नंतर स्वतःला सांगत राहिलो की डागावरून तुम्ही घासलं एवढंच कळतं, ठिणगी कशी उडाली ते कळत नाही.

आता तेही कळलं. कडं परत कागदांवर ठेवतोय, त्यात सगळ्यात वर हा.

तुम्ही विचारलं होतंत त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. सहा, उस्ताद. सहाच पाहिल्या.